वृद्ध उंदराची अधिवृक्क ग्रंथी

कवठे महांकाळच्या शेतकऱ्यापुढे उंदराचे नाव काढले, तर त्याच्या डोळ्यांपुढे ज्वारीच्या पोत्यांस पडलेली भोके आणि बेदाण्याच्या शेडमध्ये झालेली नासाडी उभी राहते. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आजा-पणजांच्या तोंडून ऐकलेली आठवण याहून भयंकर असते. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलून रानात झोपडी घालावयाची, हा प्लेगच्या काळातील शिरस्ता होता. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या त्या रोगाने उंदरास जी अपकीर्ती आणली, ती अद्याप पुसली गेलेली नाही. गणपतीचे वाहन म्हणून वर्षातून काही दिवस त्यास मान मिळतो, एवढाच काय तो अपवाद.

प्रयोगशाळेतील उंदीर मात्र निराळा. तो आकाराने लहान, पिंजऱ्यात जन्मलेला आणि पिंजऱ्यातच मरणारा. निदान वीस पिढ्या भाऊ-बहिणींचाच संयोग घडवून त्याचा वाण शुद्ध केलेला असतो; त्यामुळे एका वाणाचे सगळे उंदीर, एकाच द्राक्षवेलीच्या काड्या लावून उठविलेल्या मळ्याप्रमाणे, एकमेकांसारखे निपजतात. त्याचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. मनुष्याचे वार्धक्य आरंभापासून अखेरपर्यंत पाहू म्हटले, तर पाहणाराच आधी म्हातारा होतो. उंदराचे वार्धक्य मात्र विद्यार्थ्याच्या एका पदवीच्या अवधीत पाहून संपते. म्हणून म्हातारपणी शरीरात काय घडते, याचा शोध घेणारांनी या क्षुद्र प्राण्याचा आश्रय केला आहे.

या शोधाची एक वाट मुंबईवरून गेलेली आहे. प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे मूळचे रशियन साम्राज्यातील ओडेसा शहराचे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी काम केले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची जी संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिला ते नाव १९२५ साली मिळाले. हे सर्व आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक असते. परंतु हाफकिन ओडेसाच्या विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या मेचनिकॉफ यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नसते. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे समुद्रकाठी राहत असता मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूस वेढून खाऊन टाकणाऱ्या पेशी प्राण्याच्या अंगात असतात, ही गोष्ट त्यावरून त्यांच्या ध्यानात आली. त्यांतील मोठ्या पेशींस त्यांनी जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘महाभक्षक’ असा होतो. या कार्यासाठी १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मेचनिकॉफ यांचे दुसरे एक मत मात्र वादग्रस्त ठरले. म्हातारपणी हेच महाभक्षक घरभेदी होतात, मेंदूच्या व इतर श्रेष्ठ अवयवांच्या पेशी कुरतडतात, केसांतील रंगही तेच खाऊन टाकतात आणि त्यामुळे मनुष्य जर्जर होतो, असे ते म्हणत. जो शिपाई तरुणपणी वेशीचे रक्षण करतो तोच म्हातारपणी घर लुटतो, असा हा आरोप आहे. आरोप खरा असेल, तर वृद्धपणी या पेशींचा बंदोबस्त करणे हिताचे. खोटा असेल, तर तसे करणे म्हणजे रात्रीच्या वेळी गावच्या राखणदारालाच कोंडून ठेवणे. अधिवृक्क ग्रंथी लहानशी असली, तरी या वादाचा निवाडा करण्यास ती फार सोयीची जागा आहे.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या शेंड्यावर टोपीप्रमाणे एकेक ग्रंथी बसलेली असते; हीच अधिवृक्क अथवा ॲड्रिनल ग्रंथी. मनुष्यात तिचे वजन चार-पाच ग्रॅम भरते. उंदरात ती ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असते. तिचे दोन भाग आहेत. आतला गर म्हणजे मध्यक. वाटेत एकाएकी नाग आडवा आला असता छाती धडधडते, अंगावर काटा उभा राहतो आणि गुडघेदुखीचा माणूसही उडी मारून बाजूस होतो, ती करामत या मध्यकातून सुटणाऱ्या ॲड्रिनलिनची. बाहेरची जाड साल म्हणजे बाह्यक. तिचे काम इतके नाट्यमय नसले, तरी जीव त्यावरच अवलंबून आहे. अंगातील मीठ व पाणी राखणे, उपासात रक्तातील साखर टिकविणे, ताप किंवा जखम यांच्या वेळी शरीरास तग धरावयास लावणे, ही कामे तिच्या स्रावांची. लंडनचे डॉक्टर ॲडिसन यांनी १८५५ साली ही ग्रंथी नासलेल्या रोग्यांचे वर्णन केले. माणूस दिवसेंदिवस निस्त्राण होतो, कातडी काळवंडते, आणि अखेरीस साध्याशा दुखण्यातही तो दगावतो. त्या काळी याचे एक मुख्य कारण क्षयरोग हे होते. आपल्या देशात ते कारण आजही मागे पडलेले नाही.

या ग्रंथीचे आणि रक्षक पेशींचे नाते जुने आहे. १९३६ साली कॅनडात हान्स सेल्ये यांनी मोठ्या उंदरांस थंडी, इजा, अतिश्रम अशा नाना प्रकारच्या ताणांखाली ठेवले, तेव्हा प्रत्येक वेळी अधिवृक्क ग्रंथी फुगलेली आणि छातीतील थायमस ग्रंथी आकसलेली आढळली. थायमस हे रक्षक पेशींचे एक जन्मस्थान आहे. अर्थात बाह्यकाचा स्राव वाढला की रक्षक पेशींची हालचाल मंदावते. हे शरीरास उपकारकच असते. नाही तर प्रत्येक जखमेत रक्षकांच्या धुमश्चक्रीनेच अधिक नुकसान झाले असते. परंतु नाते एवढ्यावर संपत नाही. या ग्रंथीच्या पोटातही महाभक्षक पेशी कायमच्या वस्तीस असतात. त्या तेथे काय करतात, याकडे पुष्कळ वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते.

ते समजण्यास बाह्यकाची रचना ध्यानात घ्यावी लागते. बाह्यकाच्या पेशी ग्रंथीच्या वेष्टणाखाली जन्म घेतात, हळूहळू आत सरकतात, वाटेत आपापले काम करतात आणि मध्यकाच्या सीमेशी पोचल्यावर मरतात. ही एक प्रकारची न थांबणारी वारीच आहे, आणि तिचा मुक्काम ठरलेला आहे. उंदराच्या मादीत ही वारी नराच्या सुमारे तिप्पट वेगाने चालते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आले. शिवाय उंदरात याच सीमेवर एक तात्पुरता थर असतो. १९२७ साली एव्हलिन हॉवर्ड या विदुषीने त्याचे वर्णन केले. नर वयात आला की हा थर नाहीसा होतो; मादीत तो पहिल्या गर्भारपणात विरतो, आणि मादी कुमारीच राहिली तर पुष्कळ काळ टिकून सावकाश झिजतो. त्याचे नाव ‘क्ष-थर’. ज्याची किंमत कळलेली नाही त्यास क्ष म्हणावयाचे, ही बीजगणिताची रीत शाळकरी मुलांच्या परिचयाची आहे. येथे गंमत एवढीच की, शंभर वर्षे होत आली तरी हे समीकरण पुरते सुटलेले नाही.

जेथे इतक्या पेशी रोज मरतात, तेथे प्रेते उचलणारा कोणी तरी हवाच. महाभक्षक पेशी त्या सीमेवर सापडतात, यात म्हणून आश्चर्य नाही. २०२२ साली फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी या पेशींची बारकाईने मोजदाद केली. त्यांतील काही पेशी गर्भावस्थेतच ग्रंथीत येऊन ठाण मांडतात, तर काही पुढे रक्तातून भरती होतात. प्रौढ मादीत ही नवी भरती अधिक. सीमेवर राहणारा एक विशिष्ट गट त्यांस मादीतच आढळला, आणि त्याचे अस्तित्व क्ष-थरावर अवलंबून असल्याचे दिसले. पुढे त्यांनी जे केले ते अधिक महत्त्वाचे. त्यांनी या ग्रंथीतील महाभक्षकांचा नाश करून पाहिला. मेचनिकॉफ यांच्या आरोपाप्रमाणे ग्रंथी निश्चिंत व्हावयास हवी होती. घडले ते उलट. ग्रंथीतील चरबीची व्यवस्था बिघडली, आणि उंदरावर ताण आणला असता मीठ राखणारा अल्डोस्टेरोन हा स्राव नेहमीपेक्षा कमी पडू लागला. म्हणजे ज्यांस केवळ झाडणारे समजत होतो, ते घराच्या कारभारातही हातभार लावीत होते.

हे झाले जवान उंदराचे. दीड-दोन वर्षांच्या उंदराची ग्रंथी कापून काचपट्टीवर पाहिली, तर चित्र बदललेले असते. वेष्टणाखाली चातीच्या आकाराच्या लांबट पेशींची दाटी झालेली असते. माद्यांत ती विशेष असते, आणि तिच्या सोबतीस पुष्कळदा मास्ट पेशी या नावाचे दुसरे रक्षकही आलेले दिसतात. आत, मध्यकाच्या सीमेवर, तपकिरी डाग पडलेले असतात. अधिक निरखून पाहिले असता हे डाग म्हणजे फुगलेल्या महाभक्षक पेशीच होत, असे ध्यानात येते. त्यांच्या पोटात एक पिवळट तपकिरी द्रव्य साठलेले असते. जुन्या चरबीचे व प्रथिनांचे जे अवशेष पेशीस पचविता येत नाहीत, त्यांचा हा गाळ होय. पुष्कळदा अशा अनेक पेशी परस्परांत मिसळून एकच राक्षसी पेशी झालेली असते, आणि तिच्या पोटात एकाऐवजी अनेक केंद्रके दिसतात. सगळ्या वाणांत हे सारख्या प्रमाणात आढळत नाही. एका वाणात ठळक, तर दुसऱ्यात पुसट, असा भेद असतो.

हा तपकिरी गाळ पाहून मेचनिकॉफ यांस आपला आरोप सिद्ध झाल्यासारखे वाटले असते. पोट भरलेला मनुष्य घटनास्थळी सापडला, एवढ्यावरून तो चोर ठरविण्यासारखे ते झाले असते. वस्तुतः हे द्रव्य जिवंत पेशी लुटल्याची खूण नाही. आयुष्यभर मेलेल्या पेशी गिळून जे पचले नाही, त्याचे ते ओझे आहे. झाडणाराची टोपली भरून वाहू लागली, आणि ती रिकामी करावयाची जागा उरली नाही, असा हा प्रकार आहे.

मग या ओझ्याने वाकलेल्या पेशी म्हातारपणी आपले दुसरे काम, म्हणजे पहाऱ्याचे काम, करतात काय? या प्रश्नाशी जिवावरचा प्रसंग जोडलेला आहे, कारण बाह्यकास क्वचित जो कर्करोग होतो तो फार घातक असतो. उंदराच्या या ग्रंथीत अर्बुदे उठतात, हे मेन प्रांतातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत फार पूर्वी दिसून आले होते. वूली, फेकेटे व लिटल या तिघांनी एका वाणाच्या माद्यांची बीजकोशे जन्मतःच काढून टाकली. बीजकोशे नाहीत, तेव्हा स्तनाचा कर्करोगही होणार नाही, अशी अपेक्षा होती. तरीही तो झाला. कारण त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी गाठाळून वाढल्या आणि बीजकोशांचे काम त्यांनीच अंगावर घेतले. हा वृत्तांत १९३९ साली प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि उंदराचा वाण यांच्या परस्परसंबंधाचा हाच विषय पुढे मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी आपल्या उंदरांवर अनेक वर्षे अभ्यासला. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या बाईंनी परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात जी परंपरा घालून दिली, ती आज खारघर येथे चालू आहे. प्रयोगाचे उंदीर पाळणे हे मराठी माणसास अगदीच परके काम आहे, असे म्हणता येत नाही.

पहाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर अलीकडचे आहे. पेशींच्या वाढीस लगाम घालणारे झेडएनआरएफ-३ नावाचे एक जनुक आहे. बाह्यकाच्या कर्करोगात ते पुष्कळदा बिघडलेले आढळते. फ्रान्समधील क्लेर्मों-फेरां येथील एका गटाने २०२२ साली, व अमेरिकेतील यूटा येथील दुसऱ्या गटाने २०२३ साली, उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतून हे जनुक काढून टाकल्याचे परिणाम प्रसिद्ध केले. लगाम सुटताच ग्रंथी प्रथम वाढली. परंतु नंतर तिच्या पेशी थकल्या व विभागणे थांबवून बसल्या. अशा थकलेल्या पेशी स्वस्थ राहत नाहीत, त्या रासायनिक हाका मारतात. नरांत या हाकांस महाभक्षक व त्यांच्या जातीच्या इतर पेशी लवकर आणि मोठ्या संख्येने धावून आल्या. बिघडलेल्या पेशी त्यांनी गिळल्या, आणि घातक रोग नरांत कमी झाला. माद्यांत हा प्रतिसाद मंद होता. वय वाढले तसा त्यांच्यात कर्करोग माजला व दूरवर पसरला. नरांच्या या तत्परतेत पुरुष-संप्रेरकांचा हात असल्याचेही दिसून आले. यूटाच्या गटाने मनुष्यांतील अर्बुदेही तपासली. ज्या रोग्यांच्या अर्बुदांत या रक्षक पेशींच्या खुणा तुटपुंज्या होत्या, त्यांचा रोग अधिक वाईट वळणावर गेलेला आढळला.

निदान या एका ग्रंथीपुरता मेचनिकॉफ यांचा आरोप टिकत नाही. येथील महाभक्षक लुटारू नाहीत. त्यांच्या गैरहजेरीत ग्रंथीचे नुकसान होते, आणि ते कमी पडले म्हणजेच शत्रू आत शिरतो.

तथापि उंदराचा न्याय मनुष्यास जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे, आणि या विषयात तर विशेषच. उंदराच्या बाह्यकातून निघणारा मुख्य स्राव कॉर्टिकोस्टेरोन, तर मनुष्याचा कॉर्टिसोल. उंदरातला क्ष-थर जाणत्या मनुष्यात नसतो. उलट मनुष्याच्या बाह्यकाच्या सर्वांत आतल्या थरातून डीएचईए नावाचा जो स्राव विपुल निघतो, तो उंदराच्या ग्रंथीतून निघत नाही. मनुष्याच्या म्हातारपणाचा या ग्रंथीतील सर्वांत ठळक बदल नेमका याच स्रावाचा आहे. विशी-तिशीच्या वयात त्याचे रक्तातील प्रमाण उच्चांकास असते. सत्तर-ऐंशीच्या सुमारास त्याचा पाचवा-दहावा हिस्साच उरतो, आणि तो थरही पातळ होतो. कॉर्टिसोल मात्र तसे आटत नाही. म्हणजे जो बदल मनुष्यात सर्वांत मोठा, तोच उंदरात पाहावयास मिळत नाही. वृद्ध माणसांच्या ग्रंथींत रक्षक पेशींचे बारीक पुंजके अनेकदा सापडतात खरे. परंतु त्या थराच्या झिजेशी त्यांचा संबंध काय, हे मनुष्याच्याच ग्रंथी तपासून ठरवावे लागेल. डीएचईएच्या गोळ्या तारुण्य परत आणतात अशा जाहिराती परदेशांत पुष्कळ झाल्या. त्या वाचताना उंदरांवर केलेल्या प्रयोगाचा दाखला दिला असेल, तर वरील भेद आठवावा.

एका बाबतीत मात्र उंदीर आणि मनुष्य यांचा कायदा सारखा आहे. बाह्यकास काम करावयाचा हुकूम मेंदूखालच्या पोष ग्रंथीकडून येतो. रक्तात पुरेसा स्राव दिसला की हुकूम थांबतो. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्यात धुमाकूळ घालणाऱ्या रक्षक पेशींस या औषधाने गप्प बसविले होते. तेव्हापासून या जातीच्या औषधांनी असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत. परंतु हेच औषध गुडघेदुखीवरची जादूची पुडी म्हणून, नाव न सांगता, बाजाराच्या दिवशी हातोहात विकले जाते, आणि म्हातारी माणसे ते महिनोगणती घेतात. औषध बाहेरून मिळते, म्हणून पोष ग्रंथीचा हुकूम थांबतो, आणि बाह्यक निकामी बसून आकसते.

कवठे महांकाळच्या बाजूस याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. म्हैसाळ योजनेचे पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून इकडे आणले जाते. ते येण्यापूर्वीचे टँकरचे उन्हाळे लोकांस आठवतात. दारात रोज टँकर उभा राहतो म्हणून विहिरीवरची मोटार कोणी वर्षभर लावलीच नाही, आणि एके दिवशी टँकर न सांगता बंद झाला, तर कळ दाबल्याबरोबर त्याच दिवशी पाणी पडेल असे नाही. पुडी एकाएकी बंद करणाऱ्या म्हाताऱ्याचे असेच होते. त्यातच ताप आला, हगवण लागली किंवा हाड मोडले, तर ज्या स्रावाने तग धरावयाचा तो अंगात नसतो. रक्तदाब खाली जातो, माणूस निपचित पडतो, आणि घरची मंडळी वयाला दोष देतात. अशा औषधाचे प्रमाण डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे लागते. ते पूर्ण सुटल्यावरही ग्रंथी पूर्ववत व्हावयास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तेवढ्या अवधीत मोठे आजारपण आले किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर आपण पूर्वी कोणती गोळी अथवा पुडी घेत होतो, हे डॉक्टरास आधी सांगावे लागते, आणि पुडीचे नाव ठाऊक नसल्यास उरलेली पुडीच नेऊन दाखवावी लागते.